स्पिटफायर विमानाचे कर्ते : रेजिनाल्ड मिचेल

लंडन शहराच्या वायव्य भागांत हेंडन येथें पूर्वीं विमानतळ होता. त्या जागेवर आतां ब्रिटिश विमानदळाचें संग्रहालय असून दोन्ही महायुद्धांतील विमानें तेथें जतन करून ठेविलेलीं आहेत. कांहीं छताला टांगलेलीं, कांहीं जमिनीवर उभीं. एक प्रचंड बाँबफेकें विमान तर नॉर्वे देशांतील एका सरोवराच्या तळांतून वर काढून मोडक्या व गंजलेल्या स्थितींतच ठेविलें आहे. परंतु या सगळ्या गर्दींत प्रेक्षकाची, आणि विशेषतः शाळकरी मुलांची, दृष्टि ज्याला शोधीत असते तें विमान आकारानें लहानच आहे. त्याच्या पंखांचा पसारा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सुमारें ३७ फूट. पंख पातळ व कडेला गोलाई घेत निमुळते झालेले. पिंपळपानाची आठवण व्हावी, पण टोंक मात्र पानाइतकें अणकुचीदार नाहीं. हें स्पिटफायर विमान होय. हेंडन येथें ठेविलेल्या स्पिटफायरांपैकीं एकानें १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई संग्रामांत प्रत्यक्ष भाग घेतलेला आहे.

या विमानाची आकृति ज्यांच्या मनांत प्रथम उभी राहिली त्या रेजिनाल्ड मिचेल यांनीं तें लढतांना कधींच पाहिलें नाहीं. युद्ध सुरू होण्यापूर्वीं दोन वर्षें, लष्कराच्या एकाहि तुकडीच्या हातीं तें विमान पडण्याच्या अगोदर, वयाच्या ४२ व्या वर्षीं त्यांचा अंत झाला. पुढें त्यांच्या नांवाभोंवतीं बऱ्याच दंतकथा जमल्या. त्या बाजूला सारून त्यांचें खरें चरित्र पाहिलें तर तें दंतकथेहून अधिक मनोवेधक आहे, असें आम्हांस वाटतें.

रेजिनाल्ड जोसेफ मिचेल यांचा जन्म २० मे १८९५ रोजीं इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यांतील बट लेन या खेड्यांत झाला. हा सर्व मुलूख कुंभारकामाचा. चिनी मातीचीं भांडीं, भट्ट्यांचा धूर आणि कोळशाच्या खाणी यांनीं व्यापलेला. वडील हर्बर्ट मिचेल हे पेशानें शिक्षक, मुख्याध्यापकपदापर्यंत चढलेले. पुढें त्यांनीं शाळा सोडून हॅनली गांवीं छापखान्याच्या धंद्यांत भागी घेतली. शिक्षकाच्या घरीं श्रीमंती नसली तरी पुस्तकें व शिस्त यांची वाण नसते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस अनुभवानें ठाऊक असेल. पांच भावंडांच्या त्या घरांत रेजिनाल्ड वाढला. हॅनली हायस्कुलांत शिकत असतांनाच, म्हणजे माणूस नुकताच हवेंत उडूं लागला होता त्या काळांत, त्याला विमानांच्या प्रतिकृति करण्याचा छंद जडला. त्याच्या जोडीला कबूतरें पाळण्याचाहि नाद होता.

सोळाव्या वर्षीं शाळा संपली आणि फेंटन येथील कर स्टुअर्ट नांवाच्या आगगाडीचीं इंजिनें बांधणाऱ्या कारखान्यांत रेजिनाल्ड उमेदवार म्हणून दाखल झाला. दिवसभर तेल, काजळी व लोखंड. सायंकाळीं रात्रीच्या वर्गांत यंत्ररेखन, यंत्रशास्त्र आणि उच्च गणित. प्रारंभीं कारखान्यांतील ओबडधोबड कामाचा त्याला अगदीं कंटाळा आला होता, परंतु वडिलांनीं त्याला तें सोडूं दिलें नाहीं. घरीं त्यानें स्वतःसाठीं एक लेथ तयार केला होता. पुढें आराखड्यांच्या खोलींत त्याची बदली झाली आणि त्याची खरी योग्यता दिसूं लागली. विद्यापीठाची पदवी मिचेल यांना कधींच मिळाली नाहीं. जें गणित त्यांच्या उपयोगीं पडलें तें बहुतेक त्या रात्रवर्गांतलें होतें.

१९१७ सालीं साउदॅम्प्टन बंदराजवळ वुल्स्टन येथें सुपरमरीन नांवाच्या लहानशा कंपनींत त्यांना जागा मिळाली. ही कंपनी पाण्यावरून उडणारीं व पाण्यावर उतरणारीं विमानें बांधीत असे. पुढील वर्षीं फ्लॉरेन्स डेसन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. या बाई शिशुशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या व वयानें पतीहून अकरा वर्षांनीं वडील होत्या. १९१९ सालीं, अवघ्या चोविसाव्या वर्षीं, मिचेल कंपनीचे मुख्य आराखडाकार झाले व त्यानंतर एका वर्षानें मुख्य अभियंता. १९२० पासून १९३६ पर्यंत त्यांच्या हातून चोवीस प्रकारचीं विमानें निघालीं. त्यांत प्रवासी होतीं, बाँबफेकीं होतीं, शर्यतीचीं होतीं. आणि जीं सपशेल फसलीं अशींहि होतीं.

त्यांचें नांव जगापुढें आलें तें श्नायडर करंडकाच्या शर्यतींमुळें. झाक श्नायडर या फ्रेंच गृहस्थानें सागरी विमानांसाठीं ही शर्यत सुरू केली होती. जें राष्ट्र पांच वर्षांच्या अवधींत तीन वेळां जिंकेल त्याच्याकडे करंडक कायमचा राहील, असा नियम होता. १९२२ सालीं इटली त्या तिसऱ्या विजयाच्या उंबरठ्यावर असतां नेपल्सच्या उपसागरावर मिचेल यांच्या सी लायन विमानानें शर्यत जिंकून तो घांस हिरावून घेतला. दुसऱ्या वर्षीं अमेरिकनांनीं हें विमान सहज मागें टाकलें. जुन्या होडीवजा विमानास डागडुजी करून आतां भागणार नाहीं हें मिचेल यांनीं ओळखलें, आणि १९२५ सालीं एस-४ हें अगदीं नव्या धर्तीचें विमान रचलें. त्याला एकच पंखजोडी होती आणि ती आधाराच्या तारांवांचून विमानाच्या अंगांत बसविलेली होती. त्या काळीं दुपंखी विमानें तारांनीं व खांबांनीं बांधून काढण्याचा सर्रास प्रघात होता; त्यांच्यापुढें हें विमान दुसऱ्याच युगांतलें दिसे.

अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें शर्यतीपूर्वींच्या उड्डाणांत तें समुद्रांत कोसळलें. वैमानिक हेन्री बिअर्ड सुदैवानें वांचला. वेगांत पंखांना कंप सुटून ताबा गेला असावा असा तर्क निघाला. विचार बरोबर होता, पण त्या विचाराला पेलेल इतकें पंखांचें शास्त्र त्या वेळीं कोणालाच अवगत नव्हतें. मिचेल यांनीं हट्ट धरला नाहीं. पुढच्या एस-५ विमानांत त्यांनीं तारांचे आधार पुन्हां घेतले. ज्यानें कांहीं नवें बांधून तें मोडलेलें पाहिलें आहे, त्यालाच हें एक पाऊल मागें घेणें किती जड जातें तें कळेल.

१९२७ सालीं व्हेनिस येथें एस-५ विमानांनीं पहिला व दुसरा असे दोन्ही क्रमांक पटकाविले. विजयी वेग ताशीं सुमारें २८१ मैल होता. १९२९ सालीं रोल्स-रॉइस कंपनीचें नवें इंजिन घेऊन एस-६ आलें व त्यानें ताशीं ३२८ मैलांनीं शर्यत मारली. आतां तिसरा विजय मिळाला कीं करंडक ब्रिटनचा. परंतु आर्थिक मंदीमुळें सरकारनें हात आंखडता घेतला. तेव्हां लेडी ह्यूस्टन या धनाढ्य व तऱ्हेवाईक बाईंनीं एक लक्ष पौंड काढून दिले. वेळ इतका थोडा कीं नवें विमान मुळापासून रचणें शक्य नव्हतें. जुन्याचेंच सामर्थ्य वाढविणें भाग होतें. दोन हजारांहून अधिक अश्वशक्तीच्या त्या इंजिनाची उष्णता घालवावी कोठें, हा मोठा प्रश्न होता. मिचेल यांनीं पंखांच्या व खालच्या तरंगत्या पायांच्या पृष्ठभागाखालूनच पाणी खेळविलें, आणि तेल विमानाच्या अंगाच्या कडेनें फिरविलें. म्हणजे सबंध विमान हेंच एक उडतें शीतक बनलें. १३ सप्टेंबर १९३१ रोजीं एस-६बी विमानानें ताशीं ३४० मैलांच्या वेगानें फेरी पुरी केली. इटली व फ्रान्स यांचीं विमानें वेळेवर तयार न झाल्यामुळें स्पर्धेस कोणी नव्हतें, हें येथें सांगितलें पाहिजे. मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस याच जातीच्या विमानानें ताशीं ४०७ मैलांचा उच्चांक केला. तोंवर चारशेंची मर्यादा कोणीहि ओलांडली नव्हती. तो करंडक व शर्यत जिंकणारें तें विमान आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

या विजयांची किंमतहि मोजावी लागली होती. १९२८ सालीं उच्चांकाच्या प्रयत्नांत किंकेड हे वैमानिक एस-५ सह पाण्यांत पडून मरण पावले; १९३१ सालीं ब्रिंटन नांवाचा तरुण अधिकारी सरावांत गेला. आपल्या हातच्या यंत्रांत बसून दुसरा माणूस जिवाची जोखीम घेतो, ही जाणीव मिचेल यांस सतत असे. चांचणीच्या वेळीं ते अतिशय अस्वस्थ असत. स्वभावानें ते लाजाळू. सभेंत बोलण्याचा त्यांना तिटकारा. आराखड्यापुढें हनुवटी हातांत धरून बसले असतां मध्यें कोणी बोललेलें त्यांना खपत नसे व रागहि चटकन् येई. परंतु हाताखालच्या माणसांचें म्हणणें ते ऐकून घेत, आणि तीं माणसें वर्षानुवर्षें त्यांना सोडून गेलीं नाहींत.

शर्यतींच्या झगमगाटामुळें त्यांचें दुसरें काम झांकलें जातें. साउदॅम्प्टन नांवाचीं त्यांचीं दणकट उडतीं जहाजें १९२७-२८ सालीं, चार एकत्र, इंग्लंडहून निघून हिंदुस्थानच्या किनाऱ्यानें सिंगापूर व पुढें ऑस्ट्रेलियापर्यंत गेलीं. तो प्रवास सुमारें सत्तावीस हजार मैलांचा झाला. १९३३ सालीं उडालेलें वॉलरस हें दुपंखी विमान तर दिसण्यांत अगदींच बेडौल होतें. त्याच्याकडे आपण पुन्हां वळूं.

त्या १९३३ सालच्या ऑगस्टमध्यें मिचेल यांना आंतड्याचा कर्करोग असल्याचें निष्पन्न झालें. मोठी शस्त्रक्रिया झाली. ती जिवावरची तर होतीच, पण तिच्यामुळें शरीरास कायमचें व्यंग येऊन पुढील सर्व आयुष्य नित्य क्लेशांत काढावें लागणार होतें. रोग पुन्हां उलटण्याचा धोकाहि डोक्यावर होताच. अशा माणसानें घरीं बसणें स्वाभाविक होतें. मिचेल कांहीं महिन्यांच्या विश्रांतीनंतर कारखान्यांत परतले. आपल्याला काय झालें आहे हें त्यांनीं बहुतेकांस कळूं दिलें नाहीं. इतकेंच नव्हे तर त्यांनीं विमान चालविण्यास शिकून १९३४ च्या जुलैंत वैमानिकाचा परवानाहि मिळविला.

याच सुमारास त्यांच्या वाट्यास आणखी एक अपयश आलें. सरकारनें नव्या लढाऊ विमानाची मागणी केली होती. त्यासाठीं मिचेल यांनीं रचलेलें विमान फेब्रुवारी १९३४ मध्यें उडालें. त्याचे पंख जाड व मोडल्यासारखे वळविलेले, चाकें कायमचीं बाहेर लोंबणारीं, आणि इंजिन वाफेच्या युक्तीनें थंड करण्याची जी योजना होती ती वारंवार फसे. वेग ताशीं २२८ मैल! तीन वर्षांपूर्वीं ज्यांचें यंत्र चारशें मैलांपलीकडे गेलें होतें त्यांचें हें फळ. सरकारनें दुसऱ्या कंपनीचें जुन्या वळणाचें ग्लॅडिएटर नांवाचें दुपंखी विमान पसंत केलें, आणि तें न्याय्यच होतें.

आमच्या मतें मिचेल यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठा प्रसंग श्नायडर विजयाचा नसून हा आहे. त्या फसलेल्या विमानास ठिगळें लावून चालविण्याचा मार्ग खुला होता, व कांहीं काळ तसा प्रयत्नहि झाला. पण ठिगळांचा कांहीं उपयोग नाहीं हें मिचेल यांस दिसून चुकलें. सुपरमरीन व तिची मालक विकर्स कंपनी यांनीं, रोल्स-रॉइसचें पुढें मर्लिन नांवानें प्रसिद्ध झालेलें नवें इंजिन घेऊन, सरकारी अटींच्या चौकटीबाहेर नवें विमान रचण्याचें ठरविलें. सरकारनेंहि लवकरच त्या एका विमानापुरते दहा हजार पौंड मंजूर केले.

येथें पंखांविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण आमच्या वर्गांतील मुलें वहीच्या मागील पानावर हे पंख काढतात, पण ते तसे कां हें त्यांना सांगतां येत नाहीं. जाड पंख हवेला अडतो. वेग हवा तर पंख पातळ पाहिजे. परंतु पातळ पंखांत वर ओढून घेतलेलीं चाकें व बंदुका मावणार कशा? आणि बंदुका तर चार नव्हे, आठ हव्या होत्या. लंबवर्तुळाच्या आकारांत रुंदी मुळापासून बरीच दूरपर्यंत टिकते व टोंकाजवळ झपाट्यानें कमी होते. त्यामुळें पंख पातळ ठेवूनहि आंत जागा मिळते, शिवाय पंखाच्या टोंकाशीं उठणाऱ्या भोंवऱ्यांमुळें होणारा अडथळाहि या आकारांत कमींत कमी असतो. या पंखाचें गणित बव्हंशीं बेव्हर्ली शेनस्टोन या कॅनडाच्या तरुण शास्त्रज्ञाचें. शीतकाच्या ज्या रचनेंत बाहेर पडणारी तप्त हवाच थोडा जोर देते ती कल्पना फार्नबरो येथील मेरेडिथ यांची. इंजिन रोल्स-रॉइसचें. मग मिचेल यांचें काय? या सर्वांना एकत्र आणून, कोणती गोष्ट घ्यावी व कोणती टाकावी याचा शेवटचा निर्णय त्यांचा. आकार सुंदर दिसावा हा त्यांचा हेतु नव्हता. त्यांना जागा हवी होती, वेग हवा होता.

५ मार्च १९३६ रोजीं ईस्टली येथील विमानतळावरून के ५०५४ या क्रमांकाचें तें पहिलें विमान मुख्य चांचणी-वैमानिक समर्स यांनीं उडविलें. उड्डाण कांहीं मिनिटांचेंच झालें. पुढील चांचण्यांत वेग ताशीं ३४९ मैलांवर गेला, आणि ३ जून १९३६ रोजीं सरकारनें ३१० विमानांची मागणी नोंदविली. स्पिटफायर हें नांव विकर्सच्या विमानशाखेचे प्रमुख सर रॉबर्ट मॅक्लीन यांनीं दिलें. हे गृहस्थ पूर्वीं हिंदुस्थानांतील रेल्वेंत मोठ्या हुद्यावर होते. आपल्या तडफदार मुलीला ते लाडानें ज्या नांवानें हांक मारीत तेंच त्यांनीं विमानास दिलें. मिचेल यांना तें अगदींच पोरकट वाटलें.

१९३७ च्या आरंभीं रोग उलटला. मिचेल यांनीं कामावरून निवृत्ति घेतली, पण ईस्टलीला मोटारींतून जाऊन ते आपल्या विमानाचीं उड्डाणें पाहात. एप्रिलच्या अखेरीस त्यांना उपचारासाठीं व्हिएन्ना येथें नेण्यांत आलें. महिनाभरांत कांहीं इलाज चालत नाहीं असें दिसून आल्यावर ते घरीं परतले. ११ जून १९३७ रोजीं साउदॅम्प्टन येथील राहत्या घरीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या रक्षेचें दफन ईस्टलीजवळच्या साउथ स्टोनहॅम स्मशानभूमींत झालें आहे. गॉर्डन हा त्यांचा एकुलता मुलगा तेव्हां सोळा वर्षांचा होता.

१९४२ सालीं त्यांच्या जीवनावर एक चित्रपट निघाला. लेस्ली हॉवर्ड यांनीं त्यांत मिचेल रंगविले आहेत. जर्मनींत जाऊन मेसरश्मिट यांची भेट घेतल्यावर मिचेल यांना येणाऱ्या युद्धाचा साक्षात्कार होतो आणि अतिश्रमानें ते देह ठेवतात, असें त्यांत दाखविलें आहे. ती भेट कधीं झालीच नाहीं, आणि मृत्यु अतिश्रमानें नव्हे तर कर्करोगानें झाला. युद्धकाळांत लोकांना धीर देण्यासाठीं काढलेल्या चित्रपटास याबद्दल फार दोष देतां येणार नाहीं; परंतु त्यांतला शांत, हळुवार नायक पाहून खऱ्या मिचेल यांचा तापट व निग्रही स्वभाव लोक विसरले.

मिचेल यांच्या मागें जोसेफ स्मिथ यांनीं काम हातीं घेतलें, आणि युद्ध संपेपर्यंत व त्यानंतरहि त्या विमानाचे नवे नवे अवतार काढीत राहिले. तो पंख बांधण्यास फार कठीण असल्यामुळें आरंभीं कारखान्यास मोठा विलंब लागला. पहिली तुकडी ऑगस्ट १९३८ मध्यें सज्ज होऊं लागली. १९४० च्या संग्रामाचें श्रेय लोक एकट्या स्पिटफायरला देतात; पण त्या वेळीं हरिकेन विमानांची संख्या अधिक होती व शत्रूचीं अधिक विमानें त्यांनींच पाडलीं. त्या सप्टेंबरांत वुल्स्टनचा कारखाना जर्मन बाँबवर्षावांत उद्ध्वस्त झाला, शंभराहून अधिक माणसें मेलीं आणि मिचेल यांनीं अखेरच्या दिवसांत आंखलेल्या मोठ्या बाँबफेक्या विमानाचे अर्धवट सांगाडेहि नष्ट झाले. यानंतर स्पिटफायरचे भाग मोटारींच्या गॅरेजांत, धोबीखान्यांत व बसच्या आगारांत तयार होऊं लागले. एकंदर वीस हजारांवर स्पिटफायर बांधलीं गेलीं. त्यांपैकीं एका तुकडीचा आपल्या भागाशीं संबंध आहे. निजामांच्या देणगीवरून १५२ व्या तुकडीस हैदराबादचें नांव मिळालें होतें, आणि तिच्या चिन्हावर निजामांचें शिरोभूषण होतें. तेव्हांचा मराठवाडा निजामांच्या राज्यांत असल्यामुळें त्या द्रव्यांत तेथील रयतेचाहि वांटा होता. ही तुकडी १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत व पुढें ब्रह्मदेशांत लढली. ब्रह्मदेशांत हिंदी विमानदळाच्या वैमानिकांनींहि स्पिटफायर चालविलीं. दिल्लीजवळ पालम येथील विमानदळाच्या संग्रहालयांत एक स्पिटफायर जपून ठेविलेलें आहे.

मिचेल जेथें शिकले त्या हॅनली गांवच्या संग्रहालयांतहि एक आहे. परंतु के ५०५४, ज्याकडे ते मोटारींत बसून पाहात असत, तें कोणत्याच संग्रहालयांत नाहीं. युद्ध पुकारलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं, ४ सप्टेंबर १९३९ रोजीं, फार्नबरो येथें उतरतांना त्याला अपघात झाला, वैमानिक दगावला, आणि विमान पुन्हां बांधलें गेलें नाहीं. आज दिसतात त्या त्याच्या प्रतिकृति होत.

हेंडनच्या संग्रहालयांत वॉलरसच्याच जातीचें, ऑस्ट्रेलियासाठीं बांधलेलें एक विमान आहे. त्याचें इंजिन पंखांच्या मध्यें वर टांगलेलें, तोंड मागें आणि अंग होडीचें. स्पिटफायरभोंवतीं मुलांचा गराडा पडतो तेव्हां याच्यापुढें सहसा कोणी थांबत नाहीं. युद्धांत विमान पडून इंग्लंडभोंवतींच्या समुद्रांत तरंगत राहिलेल्या शेंकडों वैमानिकांना या वॉलरस विमानांनीं लाटांवर उतरून उचलून आणलें. त्यांत ब्रिटिश होते तसेच जर्मनहि होते. कधीं भार इतका होई कीं वर उडतां येत नसे. मग तें विमान होडीसारखें पाण्यावरूनच चालत किनाऱ्याला येई.